पु, ल आणि देशपांडे

आमच्या वाचनालयाच्या संगणकात मध्यंतरी पु. ल. देशपांडे हे तीन लेखक झाले होते. एक 'पु', एक 'ल' आणि एक नुसतेच 'देशपांडे'. यादी बघून असं वाटावं की हा 'पु' व. पु. काळ्यांच्याही घरी येऊन-जाऊन असतो. जी. ए. कुलकर्णी, ना. सी. फडके, वि. वा. शिरवाडकर, गो. नी. दांडेकर... आद्याक्षरांनी ओळखले जाणारे लेखक मराठीत थोडेथोडके नाहीत, आणि झाडून सगळ्यांची तीच वाताहत. सभासदांनी भरपूर करमणूक करून घेतली.

मी तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या दाखल नोंदवह्या कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत टाइप करून दिल्या. एका पुस्तकाची एक ओळ, आणि ओळीत क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत यांच्या मध्ये स्वल्पविराम. आता या ओळींचे रकाने करायचे होते. माझा भाचा इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "मावशी, टेन्शन नको घेऊस. कॉमावर स्प्लिट मारला की झालं. नावं टिंबावर तोडू." मारला, झालं. मुलांनी टाइप चोख केलं होतं, भाच्याच्या प्रोग्रॅममध्येही चूक नव्हती. तरी पुलंचे तीन तुकडे पडले. हे कसं, हे कळावं म्हणून मी पायथन ही संगणकभाषा हाती घेतली, आणि त्या एका आज्ञेतच बरीच रमले. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला स्प्लिट पहिल्या काही धड्यांतच भेटतो. म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कुणी धड बघत नाही.

संगणकाला शब्द कळत नाही, नाव कळत नाही, वाक्य तर नाहीच नाही. त्याच्यापुढे असते ती एकामागून एक मांडलेल्या चिन्हांची ओळ. तिला प्रोग्रॅमर स्ट्रिंग म्हणतात. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक. मोकळी जागा ३२, स्वल्पविराम ४४, आपला क २३२५. दोन शब्दांमधली जागा आपल्याला रिकामी दिसते. संगणकाला ती क इतकीच भरीव.

आपण सांगतो की ४४ क्रमांकावर तोड. तो डावीकडून निघतो, एकेक चिन्ह बघत जातो. ४४ भेटला की मागच्या थांब्यापासून इथवरची चिन्हं उचलून एका यादीत ठेवतो, स्वल्पविराम टाकून देतो आणि पुढे चालू लागतो. ओळ संपली की उरलेला तुकडा यादीत जातो. झालं काम. उसाला तीन घाव घातले की कांडी चार होतात, तसे तुकडे नेहमी स्वल्पविरामांपेक्षा एकाने जास्त. स्वल्पविरामानंतर आपण सवयीने जी जागा सोडतो ती मात्र पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर तशीच राहते. म्हणून यादीत 'मुंबई' आणि मोकळ्या जागेने सुरू होणारं ' मुंबई' ही दोन गावं होतात. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधायला गेलं की अर्धी पुस्तकं गायब.

आता आमच्या नोंदवहीतली एक ओळ बघा: ४११२, देशपांडे, पु. ल., व्यक्ती आणि वल्ली, मौज प्रकाशन, मुंबई, २५०. आपल्या डोळ्यांना यात पाच गोष्टी दिसतात. संगणकाने सहा स्वल्पविराम मोजले आणि सात तुकडे दिले. आडनाव एकीकडे, आद्याक्षरं दुसरीकडे, आणि मौज प्रकाशन किमतीच्या रकान्यात. जुन्या नोंदवह्यांत आडनाव आधी लिहून मग स्वल्पविराम द्यायची पद्धत होती, नंतरच्या ग्रंथपालांनी नाव सरळ लिहिलं. त्यातच एखाद्या संचाची किंमत १,२५० अशी. तिथे तर संगणकाने एक रुपयाचं पुस्तक करून टाकलं आणि २५० कुठे ठेवावे हे न कळून आणखी एक रकाना उघडला. एकच स्वल्पविराम रकाने वेगळे करतो, आडनाव उलटं असल्याचं सांगतो, प्रकाशकाचं गाव जोडतो आणि हजार मोजतो. वाचणारा माणूस हे चार अर्थ विनातक्रार सांभाळतो. क्रमांक ४४ ला अर्थच नाही, तर चार कुठून येणार?

यावर जगाने काढलेला तोडगा असा: ज्या तुकड्याच्या पोटात स्वल्पविराम आहे तो तुकडा दुहेरी अवतरणात घालायचा. अवतरणाच्या आतला स्वल्पविराम मजकुराचा, बाहेरचा रकान्याचा. आणि मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. एक्सेलमधून 'सीएसव्ही' नावाची फाइल काढली की ती अशी निघते. स्वल्पविरामाने तोडलेला डेटा १९७० च्या दशकापासून वापरात आहे, पण त्याचे नियम आरएफसी ४१८० नावाच्या टिपणात लिहून काढले गेले ते २००५ साली. तोवर ज्याची त्याची रीत वेगळी. इथे साधा स्प्लिट कामाचा नाही, कारण तो मागचं काही लक्षात ठेवत नाही. आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, हे लक्षात ठेवत चालणारा वाचक लागतो. पायथनमध्ये तो तयार मिळतो. तरी कॉमावर स्प्लिट मारायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

ग्रंथपाल म्हणून मला या सगळ्यात एक जुनी ओळख सापडली. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. १९३३ साली त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिचं नावच विरामचिन्हावरून: कोलन क्लासिफिकेशन, द्विबिंदू वर्गीकरण. पुस्तकाच्या विषयाचे पैलू वेगळे काढायचे, प्रत्येकाला संकेत द्यायचा आणि मध्ये कोलन घालून ते जोडायचे, की झाला पुस्तकाचा वर्गांक. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी पाच पैलूंना पाच चिन्हं वाटून दिली. स्वल्पविरामानंतर आलं तर ते विषयाचं मुख्य रूप, अर्धविरामानंतर द्रव्य, कोलननंतर क्रिया, टिंबानंतर स्थळ, एकेरी अवतरणानंतर काळ. म्हणजे वर्गांक तुटणार कुठे एवढंच नव्हे, तर तुटलेला तुकडा कशाबद्दल बोलतो आहे तेही चिन्हच सांगतं. आणि हे ठरलं कधी? वर्गांक लिहायच्या आधी. संगणकाचा व्यवसाय करणाऱ्यांनी रंगनाथन वाचायला हवेत, असं माझं मत आहे. परीक्षेपुरते वाचून विसरलेले ग्रंथपाल माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, तो भाग वेगळा.

रंगनाथनांच्या तोडीची सोय संगणकातही होती. आस्की ही इंग्रजी चिन्हांची संकेतप्रणाली १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. तिच्यात २८ ते ३१ हे चार क्रमांक केवळ याच कामासाठी राखून ठेवले आहेत: फाइल वेगळी करणारा, गट वेगळा करणारा, नोंद वेगळी करणारा आणि नोंदीतला घटक वेगळा करणारा. मजकुरात ही चिन्हं कधी येणारच नाहीत, त्यामुळे घोटाळ्याला जागा नाही. पण कळफलकावर त्यांची कळ नाही, पडद्यावर ती दिसत नाहीत. मग लोकांनी हाताशी होता तो स्वल्पविराम उचलला आणि चौघेजण आजही बहुतेकदा बिनकामाचेच बसून असतात. युनिक्स ही संगणकप्रणाली करणाऱ्यांनी वापरकर्त्यांच्या यादीसाठी कोलन घेतला. १९७७ साली बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'ऑक' नावाची भाषा केली. तिला ओळ दिली की ती न सांगताच तिचे तुकडे करून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावून ठेवते. रोजच्या कामात स्प्लिट इतका मुरला तो अशा हत्यारांमुळे.

चिन्ह न वापरता जागेवरून तोडायचीही एक रीत आहे. छिद्रपत्रांच्या काळात ऐंशी रकान्यांच्या कार्डावर पहिले इतके रकाने नावाचे, पुढचे इतके रकमेचे, असं ठरलेलं असे. आपला पिनकोड त्याच जातीचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. टपालखात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत एकही विरामचिन्ह नाही, तरी पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचं कार्यालय. ४०३ दिसलं की पत्र गोव्याचं.

आता जरा बारीक गोष्ट, जिच्यावर माझा आणि भाच्याचा बराच वाद झाला. ओळीत दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर? समजा शीर्षकानंतर प्रकाशक ठाऊक नव्हता म्हणून मुलाने जागा न भरता पुढचा स्वल्पविराम दिला. कॉमावर स्प्लिट मारला तर त्या ठिकाणी एक रिकामा तुकडा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. प्रकाशक माहीत नाही, ही देखील माहितीच आहे. तो रिकामा तुकडा फेकला तर किंमत सरकून प्रकाशकाच्या जागी येईल. उलट, वाक्यातले शब्द मोजायचे असतील आणि टाइप करताना दोनदा मोकळी जागा पडली असेल, तर तिथे 'रिकामा शब्द' धरणं हा वेडेपणा. पायथनने या दोन्ही गरजा ओळखल्या आहेत. स्प्लिटला काहीच सांगितलं नाही तर तो मोकळ्या जागांचा अख्खा पट्टा एकच मानतो आणि रिकामे तुकडे देत नाही. 'मोकळ्या जागेवर तोड' असं स्पष्ट सांगितलं तर मात्र प्रत्येक जागेवर घाव घालतो. दिसायला दोन्ही आज्ञा सारख्या, निकाल वेगळा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात तर कधीकधी १६० क्रमांकाची, न तुटणारी मोकळी जागा असते. दिसते हुबेहूब तशीच. पहिला प्रकार तिला ओळखतो, दुसरा ओळखत नाही.

आणि मजकूरच नसेल तर? पूर्ण कोरी ओळ पायथनला कॉमावर तोडायला सांगा. यादीत एक तुकडा येतो, रिकामा. म्हणून कोऱ्या ओळींची फाइल मोजली तरी पुस्तकं निघतात! भाच्याच्या मते हा दोष, माझ्या मते बरोबर: शून्य घावांत कांडं एकच. जावा या भाषेने आणखी निराळं ठरवलं आहे. तिथे स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे गुपचूप गाळून टाकतो. ज्या पुस्तकांची किंमत नाही त्यांची ओळ आखूड होते. ते नको असेल तर आज्ञेसोबत उणे एक हा आकडा द्यावा लागतो. शिवाय जावाला तोडण्याची खूण म्हणून साधं चिन्ह चालत नाही, नमुना लागतो, आणि त्या नमुन्यांच्या भाषेत टिंबाचा अर्थ 'कुठलंही एक चिन्ह'. म्हणजे जावाला भाबडेपणाने 'टिंबावर तोड' म्हटलं तर पुलंचे तीन तुकडेही हाती लागत नाहीत. प्रत्येक चिन्ह म्हणजे घाव, उरले फक्त रिकामे तुकडे, आणि तेही गाळले. यादी कोरी.

हे सगळं इंग्रजीतही होतं. खास आपलं दुखणं पुढेच आहे. शब्दाची अक्षरं सुटी कर, असं पायथनला सांगितलं आणि 'पुस्तक' हा शब्द दिला. तीन अक्षरं यावीत: पु, स्त, क. पायथन सहा तुकडे देतो: प, उकार, स, हलन्त, त, क. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडल्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. पडद्यावर ती जुळून येतात ती फॉन्टच्या कृपेने. ही यादी उलटी करून जोडा. 'पुस्तक' उलटं 'कस्तपु' व्हायला हवं, संगणक 'कत्सुप' म्हणतो. उकार 'प' सोडून 'स'वर जाऊन बसला आणि जोडाक्षर फिरलं. शाळकरी मुलांना हे दाखवलं की ती आपापली नावं उलटी करून घेतल्याशिवाय उठत नाहीत.

आम्हाला याचा चटका बसला तो अक्षरवार यादीत. प्रत्येक शीर्षकाचं पहिलं चिन्ह तोडून त्याप्रमाणे गट केले, तर 'ज्ञानेश्वरी' गेली ज मध्ये आणि 'क्षितिज'ने सुरू होणारं सगळं क मध्ये. आमच्या जुन्या लाकडी खणांवर क्ष आणि ज्ञ यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, आणि सभासद तिथेच हात घालतात. संगणकाचं चुकलं नव्हतं: ज्ञ म्हणजे त्याच्या लेखी ज, हलन्त आणि ञ. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जे एक अक्षर दिसतं ते कसं ओळखावं, याचे नियम युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या जोडपत्रात आहेत. देवनागरीतलं जोडाक्षर मध्ये तोडू नये, हा नियम त्यात आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. तोवर त्या नियमांनुसारही 'पुस्तक'चे चार तुकडे होत. पायथनमध्ये हे नियम वापरायला आम्हाला वेगळं पॅकेज घ्यावं लागलं.

याचे पैसेही पडतात. मुदत संपलेल्या पुस्तकांसाठी आम्ही सभासदांना एसएमएस पाठवतो. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्याची १६० चिन्हं होतात, मराठीत ७०. आणि ती मोजली जातात सुटी: 'पुस्तक' लिहिलं की सहा गेली. ७० ओलांडली की संदेश तुटतो, आणि तुकड्यांत फक्त ६७ मावतात, कारण ते परत कसे जुळवायचे याची माहितीही प्रत्येक तुकड्यासोबत पाठवावी लागते. म्हणून आमच्या संदेशातून 'कृपया' गेलं. काही ज्येष्ठ सभासद रागावले.

स्प्लिटची खरी शोभा व्हायची असेल तर मोडी कागद समोर ठेवावा. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिला अक्षरं लटकवत जात. दोन शब्दांत जागा सोडायची रीत नव्हती. तिथे ३२ क्रमांकच नाही, तर तोडणार कशावर? मोडी वाचणारी जाणकार मंडळी शब्द सुटे करतात ते भाषा आणि विषय ठाऊक असल्याच्या बळावर. चिनी, जपानी, थाई मजकुराचं असंच आहे. तिथे संगणकाला शब्दकोश आणि संभाव्यता यांची मदत घ्यावी लागते. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली आणि तिला जागा मिळाली ती ७११६८ च्या पुढे. वेबपानांवर चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा मजकूर ज्या घरांत ठेवते त्या घरात ६५५३५ पर्यंतचाच आकडा बसतो. मोडीचं एक अक्षर त्यामुळे दोन घरं अडवतं. तिथे 'प्रत्येक चिन्ह सुटं कर' असा स्प्लिट मारला की त्या अक्षराचे दोन निरर्थक अर्धे हातात येतात, आणि त्यांतल्या कुठल्याही अर्ध्याला आकार नाही. पडद्यावर चौकटी उमटतात.

आमच्या यादीचं पुढे काय झालं? नोंदवह्या पुन्हा उघडल्या. ज्या ओळींचे बरोबर पाच तुकडे पडले त्या बाजूला काढल्या, जास्त पडले त्या हाताने तपासल्या. दुसरा मार्ग नव्हता. कुठला स्वल्पविराम कशासाठी आहे हे कागदावरच्या रकान्यांवरूनच कळत होतं, आणि टाइप करताना नेमके ते रकानेच हरवले होते. लेखकाचं नाव आता तोडत नाही. आडनाव एका रकान्यात, उरलेलं दुसऱ्या, आणि 'पु. ल.', 'पु.ल.', 'पुलं' अशी सगळी रूपं शोधात चालावीत म्हणून एक वेगळी यादी. रकान्यांमध्ये उभी रेघ असते. ती निवडली कारण आमच्या एकाही नोंदवहीत, शाईच्या डागांखेरीज, तशी रेघ सापडली नाही.

यंदाही कुठे पतसंस्थेचे सभासद, कुठे माजी विद्यार्थी, कुठे दिवाळी अंकाचे वर्गणीदार यांच्या याद्या टाइप होतील, आणि त्या बहुतेक वेळा कुणातरी उत्साही मुलीच्या किंवा मुलाच्या गळ्यात पडतील. त्यांना टाइप करायला बसवण्याआधी एवढं करा: नाव, आडनाव, गाव, पिनकोड, फोन यांचे रकाने आखून द्या, आणि रकाने आखता येत नसतील तर मजकुरात कधीच येणार नाही असं एक चिन्ह ठरवून ते फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. माहिती नसेल ती जागा रिकामी सोडायला सांगा, गाळायला नको. आणि मूळ कागद रद्दीत घालू नका.